मलिक अंबर आणि दूताचा मान



जुन्नर शहराजवळच्या हापूसबाग या गावाचे नाव ऐकले की परगावच्या माणसाला आंबा आठवतो. परंतु या नावाचा आंब्याशी संबंध नाही. मूळच्या हबशीबाग या नावाचा अपभ्रंश होऊन हापूसबाग झाले, असे जाणकार सांगतात. हबशी म्हणजे आफ्रिकेतील हबसाणातून, आजच्या इथिओपियातून, दख्खनमध्ये आलेले लोक. त्यांच्यातील सर्वांत मोठा पुरुष म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. त्याचा गनिमी कावा आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलीच असेल. त्याच्या चरित्राची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ती म्हणजे त्याचे परराज्यांशी असलेले व्यवहार, वकिलांची ये-जा आणि परक्या मुलखातील माणसाला दिलेले संरक्षण. आज ज्याला आपण राजनैतिक कायदा म्हणतो, त्याची मुळे या व्यवहारात दिसतात. ज्यांची मुले नोकरीसाठी परदेशी आहेत, त्या पालकांनी तर ही बाजू अवश्य समजून घ्यावी.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात त्याची विक्री झाली आणि तेथून तो बगदादला गेला. विचार करा, त्या मुलाला घेऊन जाणाऱ्या जहाजाला अडवील असा कोणी होता काय? त्याच्या राजाचा वकील मोखा बंदरात नव्हता. त्याच्याजवळ कागद नव्हता, आणि त्याचा ठावठिकाणा विचारणारेही कोणी नव्हते. परमुलखात ज्याच्यामागे राज्य उभे नाही, त्या माणसाची गणना मालात होते. ही गोष्ट अंबर पुस्तकातून शिकला नाही. ती त्याच्या अंगावरून गेली होती.

सुदैवाने बगदादचा त्याचा मालक मीर कासिम हा भला गृहस्थ होता. त्याने या हुशार मुलाला लिहिणेवाचणे व हिशेब शिकविला आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबरने दरबाराचे कामकाज पाहिले. कोणता वकील कोठून आला, त्याला कोठे उतरविले, त्याच्या खलित्याला काय उत्तर गेले, हे सारे त्या काळी पेशव्याच्या नजरेखालून जात असे. १५७५ च्या सुमारास चंगीझखान वारला आणि त्याच्या बेगमेने अंबरला मुक्त केले. त्यानंतर वीस वर्षे अंबर शिपाईगिरी करीत राहिला. काही काळ तो विजापूरकरांच्या चाकरीत होता. १५९५ मध्ये तो परत अहमदनगरकडे आला.

१६०० मध्ये अकबर बादशहाच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा भुईकोट, जिंकला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. पण अंबरने निजामशाही घराण्यातील मुर्तझा याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. १६०७ च्या सुमारास राजधानी आपल्या जुन्नरला आली. घाटमाथ्यावरचे हे शहर नाणेघाटाने थेट कोकणच्या बंदरांशी जोडलेले आणि शिवनेरीच्या आधाराने सुरक्षित. पुढे १६१० मध्ये राजधानी दौलताबादला गेली. त्याच सुमारास अंबरने खडकी हे नवे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

वाचकहो, अंबरच्या राज्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला मोगल, दक्षिणेला विजापूरचा आदिलशहा, पूर्वेला गोवळकोंड्याचा कुतुबशहा आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज. एवढ्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी लढणे कोणालाही शक्य नाही. तेव्हा आज कोणाशी लढायचे आणि कोणाशी तह करायचा, हे ठरवावे लागे. तह करायचा तर बोलणी हवीत. बोलणी करायची तर शत्रूच्या छावणीत जाऊन जिवंत परत येणारा माणूस हवा. दूताच्या मानाचे मूळ कारण हेच आहे. दूताला मारले तर उद्या आपला दूत कोण जाऊ देणार?

ही गोष्ट आपल्या सर्व परंपरांनी ओळखली होती. रामायणात रावणाच्या दरबारी हनुमंताला मारण्याची आज्ञा होते, तेव्हा दूत अवध्य असतो असे सांगून बिभीषण ती थांबवितो. इस्लामी कायद्यात परराज्यांशी वागण्याच्या नियमांना सियर म्हणतात. इमाम मुहम्मद शैबानी यांनी आठव्या शतकात त्यावर ग्रंथरचना केली. त्या नियमांप्रमाणे दूताला आल्या क्षणापासून अमान, म्हणजे अभय असते. मग तो शत्रूचा का असेना. दख्खनच्या दरबारांत अशा दूताला हेजीब किंवा वकील म्हणत. त्याच्याजवळ आपल्या मालकाचा शिक्कामोर्तब केलेला खलिता असे. तो पाहून, त्याच्या दर्जाप्रमाणे त्याचे स्वागत होई आणि त्याला वस्त्रे देऊन निरोप दिला जाई.

अंबरच्या आयुष्यातील प्रसंग पाहिले म्हणजे या प्रथेचे मोल कळते. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी लढताना तो जखमी झाला. मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान होता. दोघांनी पुढची लढाई टाळून तह केला आणि सरहद्द ठरविली. या तहाने अंबरला श्वास घ्यायला उसंत मिळाली आणि त्याने राज्याची घडी बसविली. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शाहजहान, मोठी फौज घेऊन बुऱ्हाणपूरला आला. त्याने प्रथम वकील पाठवून बोलणी सुरू केली. आदिलशहाने तडजोड केली, तेव्हा एकट्याने लढण्यात अर्थ नाही हे ओळखून अंबरने अहमदनगरचा किल्ला परत दिला आणि मनुष्यहानी टाळली.

मोगल बादशहा जहांगीर अंबरचा किती द्वेष करीत होता हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचे नाव शिव्याशाप दिल्याशिवाय सहसा घेत नाही. अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही त्याने काढवून घेतले. ते आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे. चित्र सोडून प्रत्यक्षात मात्र तो अंबरला कधीही पकडू शकला नाही. आणि एवढे वैर असूनही दोन्ही बाजूंचे वकील ये-जा करीतच राहिले. दूताला अभय दिले म्हणजे त्याच्या मालकाशी मैत्री झाली असे नाही. मैत्री नसते तेव्हाच तर या नियमाची खरी गरज असते.

आता दुसरा प्रसंग पाहा. १६१७ सालीच डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक याची जहाजे गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली. आपल्या खलाशांना घेऊन त्याला सुरतेहून खुष्कीच्या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणला जायचे होते. वाटेत अंबरचा मुलूख होता आणि काळ लढाईचा होता. परक्या देशाचे, परक्या धर्माचे, भाषा न येणारे हे लोक. त्यांना कोणीही लुटले असते. ब्रुक अंबरच्या छावणीत गेला आणि त्याला भेटला. अंबरने त्याला आपल्या मुलखातून सुखरूप जाण्यासाठी परवाना दिला. अंबरच्या राज्यात कायद्याचा मोठा धाक असून सोने घेऊनही प्रवास निर्धास्त करता येतो, अशा अर्थाची नोंद ब्रुकने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. विद्यार्थी मित्रांनो, ज्या मुलाला मोखा बंदरात कोणी वाली नव्हता, तोच मुलगा वृद्धपणी परदेशात अडकलेल्या खलाशांचा वाली झाला!

१६२४ मध्ये मोगल व आदिलशहा एकत्र होऊन अंबरवर आले. त्यापूर्वी अंबरने आपला वकील बुऱ्हाणपूरला पाठवून पाहिले होते. आदिलशहाचेही प्रयत्न चालू होते. मोगलांनी आदिलशहाची बाजू धरली. बोलणी फसली तेव्हा अंबरने भातवडीच्या लढाईत दोन्ही फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्तबगारीची स्तुती केली. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १६२५ मध्ये, ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताचा युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. त्यात दूतांच्या हक्कांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात जे पुस्तकात लिहिले जात होते, ते दख्खनमध्ये व्यवहारात चालू होते.

मग हा सारा रिवाज लेखी कायदा केव्हा झाला? १९६१ मध्ये व्हिएन्ना शहरात राष्ट्रांनी राजनैतिक संबंधांचा करार केला. त्याची कलमे ५३ आहेत. राजदूताला अटक करता येत नाही. दूतावासाच्या आवारात त्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना जाता येत नाही. त्याची टपालाची थैली उघडता येत नाही. पण याचा अर्थ दूताने वाटेल ते करावे असा नाही. त्या देशाचे कायदे पाळणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि तो नकोसा झाला तर कारण न सांगता त्याला परत पाठविता येते. भारताच्या संसदेने १९७२ मध्ये कायदा करून हा करार देशात लागू केला. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासातील लोकांना ओलीस धरण्यात आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० मध्ये ते बेकायदा ठरविले. ओलिसांपैकी ५२ जणांची सुटका ४४४ दिवसांनी झाली.

दुसरा करार १९६३ चा. तो वाणिज्य दूतावासांचा, म्हणजे ज्याला आपण कॉन्सुलेट म्हणतो त्याचा. तुमच्या-आमच्या घराशी खरा संबंध याचा आहे. राजदूत राज्याच्या वतीने राज्याशी बोलतो. कॉन्सुलेट आपल्या माणसाची विचारपूस करते. या कराराचे ३६ वे कलम प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. परदेशात आपल्या माणसाला अटक झाली, तर आपल्या कॉन्सुलेटला कळविण्याचा हक्क त्याला आहे, हे तेथील अधिकाऱ्यांनी त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे. त्याने मागणी केली, तर कॉन्सुलेटला कळविले पाहिजे. कॉन्सुलेटचा अधिकारी त्याला तुरुंगात भेटू शकतो आणि वकील मिळवून देण्याची व्यवस्था करू शकतो. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी निकाल दिला, तो याच कलमाच्या आधारे. पाकिस्तानने या कलमाचा भंग केला, असे न्यायालयाने ठरविले.

मात्र हेही ध्यानात ठेवा की कॉन्सुलेट तेथील कायदा मोडू शकत नाही. गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा माफ करणे त्याच्या हातात नाही. हरवलेल्या पासपोर्टच्या जागी दुसरा कागद देणे, घरी निरोप पोहोचविणे, मयत झाल्यास मृतदेह आणण्याची कागदपत्रे करून देणे, मालकाने पगार अडविला तर तक्रार पुढे नेणे, ही कामे ते करते. आखातात दुबई व जेद्दा येथे भारताची कॉन्सुलेट आहेत. अबुधाबी, रियाध, दोहा, कुवेत, मस्कत व मनामा येथे दूतावास आहेत.

तेव्हा पालकहो, मुलगा मंचर, घोडेगाव, ओतूर किंवा जुन्नरहून परदेशी निघाला की त्याच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर एक कागदही ठेवा. त्यावर तेथील भारतीय दूतावासाचा पत्ता व फोन लिहा. पासपोर्टची एक प्रत घरी ठेवा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो कायमचा काढून घेण्याचा अधिकार कोणा मालकाला नाही, हे त्याला सांगा. अटक झाली तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्यापूर्वी दूतावासाला कळविण्याची मागणी करावी, हेही सांगा. आणि मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांना भाषा आणि इतिहास यांची गोडी आहे, त्यांनी परराष्ट्र सेवेची परीक्षा जरूर द्यावी. मोखा बंदरातल्या चापूसाठी विचारपूस करणारा कोणी नव्हता. आज परदेशातल्या आपल्या माणसासाठी तो अधिकारी आहे; त्या खुर्चीवर उद्या जुन्नर-आंबेगावचा एखादा विद्यार्थी बसावा, ही आमची इच्छा आहे.