डॉ. ज्याँ मार्तँ शार्को : शरीराच्या रोगात मनाचा शोध

फ्रान्समधील थोर वैद्य ज्याँ मार्तँ शार्को यांचे नाव मराठी वाचकाला बहुधा सिग्मंड फ्रॉइड यांच्या चरित्रातून कळलेले असते. फ्रॉइड १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आले, काही महिने शार्को यांच्या हाताखाली शिकले आणि तेथूनच मनोविकारांच्या अभ्यासाकडे वळले, एवढा मजकूर मानसशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत असतो. त्यामुळे भरल्या सभागृहात उन्मादग्रस्त स्त्रियांना संमोहित करून दाखविणारे प्राध्यापक, एवढीच त्यांची प्रतिमा आपल्या मनात राहते. ही प्रतिमा खोटी नाही. पण ती फार अपुरी आहे. मज्जासंस्थेच्या रोगाने हातपाय दुबळे होतात हे सर्वांनाच दिसते. त्याच रोगाने माणसाची स्मृती आणि विचारांची गती कशी मंदावते, हे शार्को यांनी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्या नोंदीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. या लेखात त्यांच्या कार्याच्या त्या बाजूचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस येथे झाला. वडिलांचा व्यवसाय घोडागाड्या बांधण्याचा. घरची स्थिती बेताची होती. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता, आणि चित्रकार व्हावे की वैद्य, असा प्रश्न त्याच्यापुढे काही काळ होता, असे सांगतात. वैद्यकाची निवड झाली तरी हातातली पेन्सिल सुटली नाही. रुग्णाच्या वाकलेल्या बोटांचे, ताठरलेल्या मानेचे रेखाटन करणे हा त्यांच्या निरीक्षणाचाच एक भाग होता. १८५३ साली त्यांनी डॉक्टरीचा प्रबंध सादर केला. गाउट आणि जुनाट संधिवात हे दोन निराळे रोग आहेत, असे त्यात प्रतिपादन होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतील भेद ओळखण्याची त्यांची दृष्टी येथूनच प्रत्ययाला येते.

१८६२ साली साल्पेत्रिएर रुग्णालयात वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. या नावात सोरा दडलेला आहे. पूर्वी तेथे बंदुकीची दारू तयार होत असे. चौदाव्या लुईच्या काळात, १६५६ साली, त्या जागी निराधारांसाठी आश्रयस्थान स्थापन झाले, आणि शार्को आले तेव्हा वृद्ध, अपंग, वेडसर व अनाथ अशा सुमारे पाच हजार स्त्रिया तेथे राहत होत्या. महत्त्वाकांक्षी वैद्याने टाळावी अशीच ही जागा. शार्को यांना मात्र ते जिवंत रोगांचे संग्रहालय वाटले. त्यांनी आपले सहकारी व्हुल्पियाँ यांच्यासह एकेक दालन तपासायला घेतले. कोणाचा हात केव्हा कापतो, कोणाची चाल कशी आहे, बोलणे कोठे अडखळते, याची टिपणे होऊ लागली. या स्त्रिया वर्षानुवर्षे तेथेच राहत आणि बहुधा तेथेच मरत. त्यामुळे जिवंतपणी पाहिलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात आढळलेले मेंदूचे व मज्जारज्जूचे बदल यांची जुळणी करता येत असे. इतर रुग्णालयांत रोगी बरा झाला वा कंटाळला की निघून जाई. येथे काळच वैद्याच्या बाजूने उभा होता. मात्र हे ज्ञान ज्यांच्या अनाथपणावर उभे राहिले, त्या स्त्रियांपुढे दुसरा मार्ग नव्हता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

त्यांच्या घरातील मोलकरणीची हकिकत फ्रॉइड यांनी आपल्या मृत्युलेखात नमूद केली आहे. तिच्या हाताला चमत्कारिक कंप होता, म्हणून तिला कोठे काम मिळत नसे. शार्को यांनी तिला ठेवून घेतले. बशा आणि भांडी फुटत राहिली, खर्च वाढत राहिला. पण वर्षानुवर्षे तिचा आजार त्यांच्या डोळ्यांसमोर राहिला. ती वारल्यावर शवविच्छेदन झाले, तेव्हा त्या कंपाचे मूळ मेंदूत व मज्जारज्जूत विखुरलेल्या कठीण चट्ट्यांत सापडले. ही दया म्हणावी की जिज्ञासा? मला वाटते, शार्को यांच्या बाबतीत ही दोन्ही वेगळी काढता येणार नाहीत.

हे चट्टे त्यांच्या आधीही पाहिले गेले होते. ब्रिटिश वैद्य कार्सवेल आणि फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्रुव्हेयिए यांनी त्यांची सुंदर रंगीत चित्रे छापली होती. जर्मनीत फ्रेरिक्स यांनी १८४९ मध्ये या रोगातील मानसिक बदलांचा उल्लेखही केला होता. परंतु सुटी निरीक्षणे एकत्र गुंफून त्यांना एका स्वतंत्र रोगाचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः शार्को यांच्या १८६८ च्या व्याख्यानांना जाते. आज आपण ज्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतो तो हाच रोग. डोळ्यांच्या बुबुळांची अनैच्छिक हालचाल, एखादी वस्तू घेऊ जाताच हाताला सुटणारा कंप, आणि अक्षरे सुटी सुटी उच्चारणारे तुटक बोलणे ही तीन लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना असे दिसले की, मज्जातंतूवरील वेष्टन नष्ट झाले तरी आतला तंतू बराचसा शिल्लक राहतो. विजेच्या तारेवरचे आवरण निघावे तसा हा प्रकार आहे. संदेश थांबतो किंवा रखडत जातो.

याच व्याख्यानांत त्यांनी नोंदविले की, या रोगाच्या पुष्कळ रुग्णांची स्मृती दुबळी होते, कल्पना मनात सावकाश उमटतात, आणि बुद्धी व भावना दोन्ही बोथट होतात. कंपवाताच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन करताना बुद्धी शाबूत राहते असे म्हटले होते. रोगाला पार्किन्सन यांचे नाव द्यावे असा आग्रह धरणाऱ्या शार्को यांनीच या मुद्द्यावर मतभेद नोंदविला. रोग वाढल्यावर मन झाकोळते आणि स्मृती जाते, असे त्यांना आढळले होते.

या नोंदीचे पुढे काय झाले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९२६ मध्ये कॉट्रेल आणि विल्सन या वैद्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचे शंभर रुग्ण तपासले. त्यांना भावनिक बदल पुष्कळ आढळले; बुद्धीचा बिघाड मात्र अवघ्या दोघांत. त्यांची पद्धत मुलाखतीची होती. चांगले बोलणारा, हसतमुख रोगी मुलाखतीत सहज उत्तीर्ण होतो, आणि तेथेच चूक झाली असावी. तीन वर्षांनी फ्रान्समध्ये ओंब्रेदान यांनी चाचण्यांच्या साहाय्याने निराळे चित्र दाखविले. परंतु पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ पहिलेच मत टिकून राहिले. १९८३ साली कुर्ट्झके यांनी सिद्ध केलेले अपंगत्वाचे मापन जगभर रूढ झाले, पण त्याच्या वरच्या पायऱ्यांत भर आहे तो रुग्ण किती चालू शकतो यावर. जो चालतो तो बरा, असा हिशेब झाला.

अखेर १९९१ मध्ये स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शंभर रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती यांची सविस्तर मानसशास्त्रीय तपासणी केली. त्रेचाळीस टक्के रुग्णांत स्मृती, अवधान किंवा विचारांची गती यांत बिघाड आढळला. याहून बोलकी गोष्ट अशी की, शारीरिक अपंगत्व सारखेच असूनही ज्यांची बुद्धी बाधित झाली होती त्यांच्यापैकी नोकरीत टिकलेले कमी होते, लोकांत मिसळणे कमी होते, आणि घरकामात त्यांना इतरांची मदत अधिक लागत होती. पुढे २०१२ मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांनी सुमारे पंधरा मिनिटांत उरकणारी एक छोटी तपासणी सुचविली. तिच्यातला एक भाग चिन्हांना अंक जुळविण्याचा, नव्वद सेकंदांचा. त्यातून विचारांची गती कळते. सावकाश उमटणाऱ्या कल्पनांविषयी शार्को यांनी जे लिहिले, तेच येथे सेकंदांत मोजले जाते. आपल्याकडे अशा रोग्याला घरची माणसेच आळशी किंवा लक्ष न देणारा म्हणतात. हातात काठी असती तर कोणी तसे म्हटले नसते.

स्मृतीविषयी शार्को यांचे कुतूहल एवढ्यावर थांबले नाही. १८८३ मध्ये त्यांनी एका सुशिक्षित, बहुभाषी व्यापाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. वाचनालयाच्या सभासदांना ती विशेष भिडेल. वाचलेले पान या गृहस्थांना डोळ्यांपुढे जसेच्या तसे दिसे, आणि तेथून ते उतारे म्हणून दाखवीत. एके दिवशी ही शक्ती एकाएकी गेली. ओळखीचे रस्ते परके वाटू लागले, बायकामुलांचे चेहरे मनात आणता येईनात. एकदा सार्वजनिक जागेत एका माणसाला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले, तो आरशातील स्वतःचेच प्रतिबिंब निघाले. पुढे पाठ करायचे ते मोठ्याने म्हणून, कानाच्या आधारे करावे लागे. स्वप्नेही चित्रांची राहिली नाहीत, नुसत्या शब्दांची झाली. आणि जवळचे माणूस गेले तेव्हा दुःखही पूर्वीसारखे झाले नाही, कारण त्याचा चेहराच डोळ्यांपुढे येत नव्हता. स्मृती ही एकच शक्ती नसून तिचे निरनिराळे भाग आहेत, आणि एक नाहीसा झाला तरी दुसरा राहू शकतो, हे शार्को यांनी या एका माणसाच्या उदाहरणातून दाखविले.

१८८२ साली त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले. पिअर मारी, बाबिन्स्की, जिल द ला तूरेत हे सारे त्यांचे शिष्य. याच काळात उन्मादाने त्यांना व्यापून टाकले. उन्मादालाही ठराविक टप्पे व नियम आहेत, आणि संमोहन केवळ उन्मादग्रस्तांवरच चालते, असे त्यांचे मत होते. नान्सी येथील बर्नहाइम यांनी त्याला विरोध केला. रुग्णांना वैद्याची अपेक्षा कळते आणि त्या तसेच वागतात, असे त्यांचे म्हणणे, आणि या वादात बर्नहाइम बरोबर ठरले. १८८७ मध्ये आंद्रे ब्रुइये यांनी काढलेले प्रसिद्ध चित्र याच व्याख्यानांचे आहे. मध्यभागी शार्को, बाजूला सहायकाच्या हातावर रेललेली ब्लांश विटमन, समोर श्रोत्यांची दाटी. सारे आयुष्य डोळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस अखेर डोळ्यांनीच फसला. विस्मृतीला मात्र रंगमंच नसतो. तिचे चित्र काढता येत नाही. लोकांच्या लक्षात उन्माद राहिला आणि स्मृतीविषयीची नोंद मागे पडली, याचे एक कारण मला येथे दिसते.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी मोर्व्हाँ प्रदेशात प्रवासात असताना हृदयविकाराने शार्को यांचे निधन झाले. चिरंजीव ज्याँ-बातिस्त यांनी वैद्यक सोडून ध्रुवप्रदेशांच्या सफरी केल्या आणि १९३६ मध्ये आइसलँडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून त्यांना मृत्यू आला. शेक्सपिअरचे भोक्ते आणि अनेक भाषांचे वाचक असलेल्या वडिलांचा मोठा ग्रंथसंग्रह या चिरंजीवांनी १९०७ साली साल्पेत्रिएरला देऊन टाकला. शार्को यांच्या नावाचे तेथील ग्रंथालय त्यातून उभे राहिले. छापील ग्रंथांबरोबर त्यांची हस्तलिखित टिपणे आणि रुग्णांची त्यांनी काढलेली रेखाचित्रेही त्या संग्रहात आहेत.