नियम पटकन कसे सापडतील? २८० वर्षांपूर्वीची आयडिया!

गेल्या रविवारी मित्रांसोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होतो. गेम मास्टर मीच. ड्रॅगनने एकाला धरलं आणि सुटायचा नियमच मला आठवेना! मोबाईलवर भलीमोठी पीडीएफ उघडून स्क्रोल करत बसलो. नियम सापडेपर्यंत एकजण रील्स बघायला लागला होता.

हा प्रॉब्लेम जुनाच आहे, मित्रांनो. त्यावर डोकं चालवणारा माणूस म्हणजे एडमंड हॉईल.

कोण होते हॉईल?

जन्म १६७२ च्या सुमारास. लंडनमध्ये ते श्रीमंतांना व्हिस्ट शिकवायचे. हा पत्त्यांचा खेळ. मेंढीकोट खेळला असाल तर लगेच कळेल: चार जण, दोन जोड्या, हुकूम आणि हात.

१७४२ मध्ये, सत्तरीच्या आसपास, त्यांनी व्हिस्टवर छोटंसं पुस्तक काढलं. किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. भलतीच महाग! लगेच स्वस्त पायरेटेड प्रती आल्या. मग प्रकाशकाने किंमत उतरवली आणि हॉईल खऱ्या प्रतींवर सही करू लागले. तेव्हाची ब्लू टिकच म्हणा ना!

हातातच नोंदवही

मला सगळ्यात आवडली ती त्यांची लक्षात ठेवायची युक्ती. हुकमाची पानं बाकी सगळ्यांच्या डावीकडे लावायची. प्रत्येक प्रकारात हलकं पान डावीकडे, भारी उजवीकडे. बदामचं उरलेलं सर्वांत मोठं पान आपल्याकडेच आहे असं कळलं, की ते हुकमाच्याही डावीकडे सरकवायचं. आठवत बसायचं नाही, नुसतं बघायचं!

हॉईल १७६९ मध्ये वारले. त्यांचे व्हिस्टचे नियम मात्र १८६४ पर्यंत चालले. इंग्रजीत आजही ‘हॉईलप्रमाणे’ म्हणजे नियमाला धरून.

मी काय केलं?

फोनमध्ये एकाच स्क्रीनवर मावेल अशी नोट बनवली.

- सारखं लागणारं सगळ्यात वर: धरणं, पडणं, लपणं. प्रत्येकापुढे कुठला फासा, एवढंच.
- क्वचित लागणारं खाली, फक्त पान क्रमांक.
- तरी नाही सापडलं, तर गेम मास्टरने तिथेच निर्णय द्यायचा. शोधाशोध खेळ संपल्यावर.

काल ड्रॅगनने पुन्हा एकाला धरलं. मी नोटवर नजर टाकली, फासा पडला, आणि रील्सवाला मित्र टेबलावर वाकून आकडा बघत होता.