शरीरातला माग काढणारे जॉर्ज हेवेसी

साकोली, लाखांदूरकडचे कॅन्सरचे रुग्ण हाडांच्या स्कॅनसाठी नागपूर गाठतात. तिथे शिरेत सुई देतात, दोन-तीन तास बसवून ठेवतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. अंगात किरणे सोडली म्हणून घरचे धास्तावतात. हा अडाणीपणा नव्हे. कोणी समजावून सांगत नाही, एवढेच. त्या सुईमागच्या विद्येचे जनक जॉर्ज हेवेसी.

१ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टला त्यांचा जन्म झाला. घराणे श्रीमंत, धर्माने कॅथॉलिक, मूळ मात्र ज्यू. मँचेस्टरला रदरफोर्ड यांनी त्यांना शिशातून रेडियम-डी वेगळे काढायला सांगितले. पुष्कळ खटपट करूनही ते निघेना, कारण ते शिशाचेच किरणोत्सारी भावंड होते. हेवेसींनी विचार उलटा केला. वेगळे निघत नाही ना? मग शिशातच मिसळा आणि शिसे कुठे जाते ते किरणांवरून ओळखा! १९१३ मध्ये व्हिएन्नात पानेथ यांच्यासोबत त्यांनी ते करून दाखवले. खाणावळवाली ताटातले उरलेले मांस पुन्हा वाढते, हेही त्यांनी याच युक्तीने पकडले, असे सांगतात.

१९२३ मध्ये त्यांनी शेंगांच्या झाडात शिशाचा माग काढला. १९३४ मध्ये जड पाणी वापरून माणसाच्या शरीरात पाणी सरासरी सुमारे १३ दिवस राहते हे शोधले. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तेव्हा दगडासारखे वाटणारे हाड सतत मोडत आणि नव्याने घडत असते हे कळले. हाडांचा स्कॅन यावरच उभा आहे. टेक्नेशियम जोडलेले औषध जिथे हाड जोमाने घडते तिथे अधिक साठते. उरलेले मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरते. म्हणून पाणी प्यायचे, वारंवार लघवीला जायचे. टेक्नेशियमची किरणे दर ६ तासांनी निम्मी होतात. शरीराला ४ ते ५ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिळतेच. म्हणजे मात्रा शून्य नाही, पण भयंकरही नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र आधी सांगितलेच पाहिजे.

एवढ्या विद्वानालाही जन्म चुकला नाही. हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये फ्रायबुर्गची प्राध्यापकी सोडून ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेले. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही शिरल्या. लाउए आणि फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदके हाती लागली असती तर मालकांच्या जिवावर बेतले असते. हेवेसींनी ती आम्लात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. नाझींना पत्ता लागला नाही. युद्धानंतर त्याच सोन्याची पदके पुन्हा घडली. १९४३ मध्ये हेवेसी स्वीडनला निसटले. त्याच सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

आपल्याकडे १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. हेवेसी ५ जुलै १९६६ रोजी वारले, त्याच फ्रायबुर्गमध्ये.