रयतमाऊली लक्ष्मीबाई

शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील गोरगरिबांच्या मुलांना एक वेळ भाकरी मिळाली, तर दुसऱ्या वेळेची शाश्वती नसे. मुले अनवाणी हिंडत. घाणीने दूषित झालेल्या ओलसर मातीतील अंकुशकृमी नावाचे जंत अशा उघड्या पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्यांना चिकटतात आणि रक्त शोषतात. आधीच अर्धपोटी असलेले मूल मग फिकट पडते. थोडे चालताच त्याला धाप लागते. पुस्तक उघडले, तरी त्याचे चित्त त्यात रमत नाही. अशा मुलांच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्यांच्या पोटी अन्न जावे, यासाठी जिने आपले सर्वस्व वेचले, ती माउली म्हणजे लक्ष्मीबाई पाटील.

कर्मवीर भाऊराव पाटील हे त्यांचे पती. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी तो तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली सातारा येथे वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, पाणी भरीत, लाकडे फोडीत आणि एकाच पंक्तीला जेवत.

लक्ष्मीबाई सधन, धर्मनिष्ठ जैन घराण्यातील. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झालेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात घेणे त्यांना प्रारंभी जड गेले. परंतु भुकेने कोमेजलेली ती तोंडे पाहून त्यांच्यातील आई जागी झाली. त्या मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले.

खाणारी तोंडे वाढत होती. उत्पन्न मात्र तुटपुंजे होते. लक्ष्मीबाईंच्या अंगावरील एकेक दागिना वसतिगृहाच्या खर्चासाठी गेला. एके दिवशी धान्याची कोठी रिती झाली. चूल पेटण्याची चिन्हे दिसेनात. आता त्यांच्यापाशी केवळ मंगळसूत्र उरले होते. सौभाग्यवतीने ते पतीच्या हयातीत गळ्यातून काढू नये, अशी रूढी. तरीही लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले. त्यातून धान्य आले आणि मुलांच्या पानांत अन्न पडले.

1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1930 साली लक्ष्मीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. संस्थेचा पुढील विस्तार त्यांना पाहता आला नाही. भाऊरावांनी मात्र 1959 साली देह ठेवीपर्यंत हे व्रत सोडले नाही. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह. आज त्याच्या छायेत असंख्य मुले शिकत आहेत. त्याची मुळे शोधू गेल्यास ती लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी सापडतील.