धुरक्याचा उगम शोधणारा शास्त्रज्ञ : आरी हागेन-स्मिट

एखाद्या रोगावर लस सापडली किंवा भरघोस पीक देणारे बियाणे निघाले, की सारा समाज त्या संशोधकाला डोक्यावर घेतो. परंतु विज्ञानाच्या इतिहासात असेही काही शोध आहेत की जे लागले तेव्हा कोणालाच नको होते. कारण त्यांनी दोषाचे माप ज्याच्या त्याच्या पदरात टाकले. डच रसायनशास्त्रज्ञ आरी यान हागेन-स्मिट यांचा शोध या दुसऱ्या जातीचा होता. मोटारीच्या नळीतून, तेलाच्या टाकीतून आणि विद्युत्‌केंद्राच्या धुराड्यातून निघणारे, डोळ्यांना धड न दिसणारे वायू सूर्यप्रकाशात एकत्र येऊन विष निर्माण करतात, हे त्यांनी जगाला प्रथम दाखवून दिले. मोटारींच्या धुरावर आज देशोदेशी जे निर्बंध आहेत, त्यांच्या मुळाशी या एका माणसाची चिकाटी आहे.

हागेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी हॉलंडमधील उट्रेख्ट या शहरी झाला. वडील तेथील सरकारी टांकसाळीत रसायनशास्त्रज्ञ होते. धातूंची पारख, तराजूची अचूकता आणि मोजल्यावाचून न बोलण्याची शिस्त ही मुलाला घरातच पाहावयास मिळाली. उट्रेख्टच्या विद्यापीठातच त्यांचे शिक्षण झाले व १९२९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. विषय होता वनस्पतींतील टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांचा. पुढे फ्रिट्स कोगल यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वनस्पतींची वाढ घडविणाऱ्या संप्रेरकांवर काम केले. १९३४ मध्ये या मंडळींनी मानवी मूत्रातून इंडोल ॲसेटिक आम्ल हे द्रव्य वेगळे केले आणि ते रोपांची वाढ घडविते हे दाखविले. कलमांना मुळे फुटावीत म्हणून आज रोपवाटिकांतून जी पूड लावतात, तिच्यामागे याच कुळातील द्रव्यांचे संशोधन आहे.

या कामामुळे त्यांचे नाव अटलांटिकपलीकडे गेले. १९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याते म्हणून आले आणि दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पासादिना येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे कॅलटेकमध्ये रुजू झाले. १९४० मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. त्यांचा हात विशेष बसला होता तो अत्यल्प प्रमाणात असणारी द्रव्ये हुडकण्यात. अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो? फळाच्या मोठ्या राशीत ते द्रव्य चिमूटभरही नसते. ताज्या फळांतून निघणारी वाफ अतिथंड नळ्यांतून न्यावयाची, तेथे ती गोठवावयाची आणि मग त्या थेंबांचे पृथक्करण करावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. स्वभावाने शांत, प्रयोगशाळेत रमणारा, वादविवादापासून चार हात दूर राहणारा हा प्राध्यापक अननसाच्या आणि मद्याच्या स्वादात आयुष्यभर सुखाने बुडून राहिला असता. परंतु खिडकीबाहेरची हवा बदलत चालली होती.

पासादिना हे गाव लॉस एंजेलिस शहराला लागूनच आहे. तीन बाजूंना डोंगर आणि एका बाजूला समुद्र अशी त्या शहराची ठेवण. समुद्रावरून येणारी गार हवा खाली साचते आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावे तसा बसतो. त्यामुळे खालची घाण वर जाऊ शकत नाही. १९४३ च्या जुलै महिन्यात, ऐन महायुद्धाच्या दिवसांत, या शहरावर एक तपकिरी, झणझणीत धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका कित्येकांना आली. मग संशय गेला तो कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनविणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र येतच राहिले. कारण एका ठिकाणी आणि शोध दुसऱ्याच ठिकाणी, असा हा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी प्रकार होता.

तज्ज्ञांचीही दिशा चुकत होती. लंडनसारख्या शहरांतील धुरके तेव्हा कोळशाच्या धुराचे असे. कोळशातील गंधक जळून सल्फर डायॉक्साइड होतो आणि काजळी व धुके यांच्याशी तो मिसळतो. लॉस एंजेलिसमध्येही तेच असणार, असे गृहीत धरून गंधकावर नियंत्रणे आणण्यात आली. परंतु येथील धुरके वेगळे होते. ते थंडीत नव्हे, तर लख्ख उन्हात, भर दुपारी दाट होई. पालक, बीट अशा भाज्यांच्या पानांवर त्यामुळे चकाकणारे डाग पडत आणि ती वाया जात. मोटारीच्या टायरांना अकाली चिरा पडत. गंधकाच्या धुराची ही लक्षणे नव्हेत.

१९४८ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या वायुप्रदूषण नियंत्रण विभागाचे प्रमुख लुई मॅककेब यांनी हागेन-स्मिट यांना मदतीची विनंती केली. त्यांनी नवे यंत्र मागविले नाही, की समिती नेमण्याची शिफारस केली नाही. अननसाच्या स्वादासाठी वापरलेलीच थंड नळ्यांची जुळणी त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेला जोडली. हजारो घनफूट हवा तिच्यातून गेल्यावर तळाशी उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे अवघे काही थेंब जमले. त्यांच्या पृथक्करणात अल्डिहाइडे, सेंद्रिय आम्ले व पेरॉक्साइडे आढळली. अर्थ स्पष्ट होता. कोठून तरी हवेत येणाऱ्या पेट्रोलसारख्या द्रव्यांच्या वाफा तेथेच अर्धवट ऑक्सिडीकृत होत होत्या. लंडनचे धुरके ऑक्सिजन हिरावून घेणारे, तर हे ऑक्सिडीकरण घडविणारे. म्हणजे दोघांचा स्वभाव अगदी उलटा!

पुढचा प्रश्न होता, हे ऑक्सिडीकरण कोण घडवितो? १९५० ते १९५२ या काळात त्यांनी याचे उत्तर दिले. इंजिनात किंवा बॉयलरमध्ये ज्योत अतिशय तापते, तेव्हा हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन एकमेकांशी संयोग पावतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांतील नायट्रोजन डायॉक्साइडवर सूर्याचे जंबुपार किरण पडले, की त्यातून ऑक्सिजनचा एकेरी अणू सुटतो आणि तो हवेतील ऑक्सिजनला चिकटून ओझोन बनतो. एवढ्यावरच भागले असते, तर तो ओझोन लगेच नष्टही झाला असता. परंतु न जळलेल्या पेट्रोलच्या वाफा, म्हणजे हायड्रोकार्बने, या खेळात उतरतात आणि ओझोनचा साठा वाढू देतात. वाफा, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन या तिघांच्या संगनमताने धुरके जन्मते. यांपैकी एकही द्रव्य धुराड्यातून धुरके म्हणून बाहेर पडत नाही. ते वाटेत, हवेत, आपल्या नाकासमोर शिजते. काचेच्या पात्रात पेट्रोलची वाफ व नायट्रोजन डायॉक्साइड भरून ते उन्हात ठेवताच तोच वास आला, डोळ्यांना तीच चुरचुर झाली. रिव्हरसाइड येथे पालक, बीट, ओट, लसूणघास वगैरे पिकांना असेच वायू दिले, तेव्हा त्यांच्या पानांवर शेतातल्यासारखेच डाग उठले. वाकवून ताणलेल्या रबराच्या पट्टीला किती मिनिटांत चीर पडते यावरून हवेतील ओझोन मोजण्याची साधी युक्तीही वापरात आली.

आता गुन्हेगार कोण, हे सांगावयास हवे होते. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या उघड्या टाक्यांतून वाफा निसटत होत्या आणि रस्त्यांवरून लाखो मोटारी धावत होत्या. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! जो नागरिक धुरक्याविरुद्ध तक्रार नोंदविण्यास मोटारीतून कचेरीत जाई, तोच वाटेने धुरक्याची सामग्री हवेत सोडीत असे. साहजिकच हा निष्कर्ष कोणाच्याच पचनी पडला नाही. तेलकंपन्यांच्या संघटनेच्या पैशावर धुरक्याचे संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेने त्यांच्या प्रयोगांबद्दल उघड शंका घेतल्या. खुद्द कॅलटेकमध्ये झालेल्या एका व्याख्यानात त्यांचे निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न झाला. आपले काम झाले असे समजून हागेन-स्मिट पुन्हा आपल्या सुगंधांकडे वळण्याच्या विचारात होते. या व्याख्यानाने मात्र त्या शांत माणसाचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी स्वादाचे संशोधन बाजूला ठेवले आणि आयुष्याची उरलेली वर्षे हवेसाठी वाहिली.

पुढची लढाई प्रयोगशाळेपेक्षा सभागृहांतून झाली. ते नागरिकांच्या सभांत बोलले, समित्यांपुढे साक्षी दिल्या, तेच प्रयोग पुन्हा पुन्हा करून दाखविले. १९५३ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या आर्नल्ड बेकमन समितीने वाफा रोखणे, मोटारींच्या धुरावर मर्यादा घालणे आणि परसात कचरा जाळण्यास बंदी करणे अशा शिफारशी केल्या. तेलाच्या टाक्यांवर तरंगती छपरे आली. त्यामुळे वाफा कोंडल्या जाऊन तेलही वाचू लागले. १९५७ मध्ये घरोघरच्या कचराभट्ट्या बंद झाल्या. ज्यांनी प्रथम शंका घेतल्या होत्या, त्यांच्याही संशोधनातून पुढे हागेन-स्मिट यांचेच म्हणणे खरे ठरले.

मोटार-उत्पादक मात्र दीर्घकाळ टाळाटाळ करीत राहिले. धूर कमी करणारी उपकरणे लवकर येऊ नयेत म्हणून त्यांनी आपसांत संगनमत केले, असा खटला अमेरिकन सरकारने १९६९ मध्ये भरला आणि तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. नाक दाबल्यावाचून तोंड उघडत नाही, हे कॅलिफोर्नियाने एव्हाना ओळखले होते. १९६० मध्ये तेथे मोटार-प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले व हागेन-स्मिट त्याचे सदस्य झाले. १९६६ पासून त्या राज्यात नव्या मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा आली. अशी मर्यादा अमेरिकेत प्रथमच घातली गेली. १९६७ च्या कायद्याने हवा-संसाधन मंडळ निर्माण झाले आणि १९६८ मध्ये हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

अध्यक्षपद हे काही फुलांचे आसन नव्हते. हायड्रोकार्बने कमी करण्यासाठी इंजिनांत हवेचे प्रमाण वाढविले, तर ज्योत अधिक तापून नायट्रोजनची ऑक्साइडे वाढू लागली. एक भोक बुजवावे तर दुसरे उघडे पडे. म्हणून १९७१ पासून कॅलिफोर्नियाने या ऑक्साइडांवरही मर्यादा घातली. विद्युत्‌केंद्रांचा प्रश्न याच जातीचा होता. तेथे बॉयलरमध्ये सगळी हवा एकदम न देता टप्प्याटप्प्याने दिली, तर ज्योत कमी तापते आणि ऑक्साइडे कमी निघतात, ही युक्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातच वापरात आली होती. नायट्रोजनची ऑक्साइडे धुरक्याचा अर्धा कच्चा माल आहेत हे ज्ञात झाले नसते, तर ज्योतीचे तापमान कमी करण्याचा खटाटोप कोणी केला असता?

१९७३ मध्ये ते अध्यक्षपदावरून दूर झाले. त्याच वर्षाचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांना मिळाले आणि १९७४ मध्ये पर्यावरणविषयक टायलर पारितोषिकाच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. १९७५ च्या नव्या मोटारींत धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक पात्रे बसू लागली. शिसे या पात्रांना निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले. हे सर्व डोळ्यांनी पाहून १७ मार्च १९७७ रोजी पासादिना येथे हागेन-स्मिट यांनी जगाचा निरोप घेतला. एल माँटे येथील हवा-संसाधन मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

लॉस एंजेलिसमध्ये त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या, तरी धुरक्याच्या वाईट दिवसांतील ओझोनचे प्रमाण १९५० च्या दशकाच्या मानाने निम्म्याहून पुष्कळच खाली आले आहे. ते पुरेसे खाली आलेले नाही, हेही तितकेच खरे. आपल्या देशात हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९८१ चा. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक पात्रे सक्तीची झाली १९९५ मध्ये, आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले २००० मध्ये. औष्णिक विद्युत्‌केंद्रांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर व सल्फर डायॉक्साइडवर मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाले. ते पाळण्याची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. रायचूर, चंद्रपूर आणि परळी येथील विजेवर ज्यांची घरे उजळतात, त्यांनी हा इतिहास मुद्दाम वाचावा असा आहे. पासादिनाच्या काचपात्रात जे घडले, ते घडावयास लागणारे तिन्ही घटक आपल्याकडे विपुल आहेत. ऊन तर थोडे अधिकच.

हागेन-स्मिट यांच्या चरित्राकडे पाहिले, की दोन गोष्टी मनात ठसतात. सत्य शोधून काढणे हे काम एका माणसाला काही थेंबांवरून साधले. ते मान्य करून घेण्यास मात्र पंचवीस वर्षे लागली. आणि त्या पंचवीस वर्षांत त्यांच्याजवळ सत्ता किंवा संपत्ती होती असे नव्हे. होती ती प्रयोगावरील निष्ठा आणि टीकेने न खचणारा स्वभाव. शास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत शेवटची ओळ लिहिली म्हणजे त्याचे कर्तव्य संपत नाही. त्या ओळीचा अर्थ ज्यांच्या गैरसोयीचा असेल, त्यांच्यापुढे उभे राहून ती वाचून दाखविण्याचे धैर्यही त्याच्या अंगी असावे लागते. सुगंधाच्या शोधात निघालेल्या या डच प्राध्यापकाने ते दाखविले, म्हणूनच जगातील कित्येक शहरांतील माणसे आज थोडा मोकळा श्वास घेऊ शकतात.