डहाणूच्या शेजारच्या वलसाडचं आडनाव लावणारा पारशी पोरगा जगाचा रॉकस्टार कसा झाला?

डहाणू, घोलवड, बोर्डी हा सगळा पट्टा चिकूच्या वाड्यांचा. त्यातल्या कितीतरी वाड्या पारशी-इराणी कुटुंबांच्या. डहाणू रोडवरून गुजरातकडे जाणारी गाडी पकडली की उंबरगाव, संजाण, उदवाडा करत वलसाड येतं. इंग्रज त्याला बलसार म्हणायचे. या गावावरून एका पारशी घराण्याचं आडनाव पडलं, बलसारा.

त्याच घरातला फारोख बलसारा म्हणजे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. पोरगा आठ वर्षांचा झाला तसं आईवडिलांनी त्याला बोटीनं भारतात पाठवलं. शाळा होती पाचगणीची सेंट पीटर्स.

फारोखचा फ्रेडी झाला तो इथंच. पियानोही तो इथंच शिकला. बाराव्या वर्षी त्यानं दोस्तांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. म्हणजे जगाला वेड लावणाऱ्या या माणसाचा पहिला बँड सातारा जिल्ह्यातला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पण पुढच्याच वर्षी तिथं क्रांती झाली. अरब आणि भारतीय लोकांच्या कत्तली सुरू झाल्या. बलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनला गेलं.

तिथं फ्रेडीनं विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुने कपडे विकले आणि आर्ट कॉलेजमधून ग्राफिक डिझाईन शिकला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलरसोबत क्वीन सुरू झाला. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनंच काढलं. आडनावही बदललं.

१९७५ मध्ये आलं 'बोहेमियन रॅप्सडी'. गाणं जवळपास सहा मिनिटांचं, त्यात मध्येच ऑपेरा. एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीला वाटत होतं. पण ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. १९८० मध्ये क्वीनची दोन गाणी अमेरिकेतही नंबर वन झाली. त्यातलं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' फ्रेडीनं लिहिलेलं होतं. १९८५ च्या 'लाइव्ह एड'मध्ये तर त्यानं अख्खं वेम्बली स्टेडियम टाळ्यांच्या तालावर नाचवलं.

दोनच वर्षांनी एड्सचं निदान झालं. तो काळ असा होता की या आजारानं माणूस मरायच्या आधी बदनाम व्हायचा. फ्रेडीनं ही गोष्ट जवळच्या मोजक्या लोकांतच ठेवली. शरीर साथ देत नव्हतं तरी तो गाणी रेकॉर्ड करत राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. वय अवघं ४५.

आयुष्यभर तो आपल्या पारशी मुळांबद्दल फारसा बोलला नाही. पण अंत्यसंस्काराला मात्र पारशी धर्मगुरूंनीच प्रार्थना म्हटल्या.

त्याच्या मृत्यूनंतर 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा बाजारात आलं आणि पुन्हा नंबर वन झालं. त्यातून आलेला पैसा एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेला. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक घाबरत होते, त्याच्याशी लढायला त्याचं गाणं कामी आलं.