बाळाच्या टाचेला टोचून चार थेंब रक्त का घेतात? त्यामागे एका बापाची धडपड आहे

बाळाला हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या आधी नर्स येते. बाळाची टाच मुठीत धरते, टोचते आणि एका जाडसर कागदावर छापलेल्या गोलांत रक्ताचे थेंब उतरवून घेते. बाळ टाहो फोडतं. आई तोंड फिरवते. आजी मात्र तिथंच उभी राहून विचारते, एवढ्याशा जिवाला कशाला टोचताय?

आजीचा प्रश्न चुकीचा नाही. याच प्रश्नावर एका माणसानं आयुष्याची तीसेक वर्षं घालवली. तो डॉक्टर होता, जिवाणूशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या घरात एक विशेष मूल होतं. त्याचं नाव रॉबर्ट गथ्री.

गथ्रींचा जन्म २८ जून १९१६ चा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या मॅरियनव्हिल या लहानशा गावातला. शिक्षण मिनेसोटा विद्यापीठात झालं. वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटण्यात त्यांचं मन नव्हतं. त्यांना प्रयोगशाळा आवडायची. पुढे ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, रॉजवेल पार्क या कॅन्सर संशोधन संस्थेत कामाला लागले. तिथं कॅन्सरची औषधं घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात कुठला पदार्थ किती आहे, हे मोजायला ते जिवाणूंचा वापर करायचे. हे काम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

रॉबर्ट आणि मार्गारेट गथ्रींना सहा मुलं. त्यातला दुसरा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अपंग होता. त्या काळात अशा मुलांना मोठाल्या सरकारी संस्थांत नेऊन ठेवायचं आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, अशी रीत होती. डॉक्टरही आईबापांना तोच सल्ला द्यायचे. पण १९५० च्या सुमारास अमेरिकेत अशा मुलांचे पालक एकत्र येऊन संघटना बांधू लागले होते. गथ्री बफेलोच्या शाखेत गेले, बैठकांना बसले आणि थोड्याच काळात पदाधिकारी झाले. त्यांना पुढची वाट सापडली ती याच बैठकांमुळे.

१९५७ च्या सुमारास त्यांची गाठ रॉबर्ट वॉर्नर यांच्याशी पडली. वॉर्नर बफेलोच्या मुलांच्या हॉस्पिटलात अपंग मुलांवर उपचार करायचे. त्यांच्याकडे पीकेयू, म्हणजे फिनाइलकिटोन्युरिया, असलेली काही मुलं होती आणि त्यांच्या रक्ताच्या तपासणीनं डॉक्टर मेटाकुटीला आले होते.

आता हे पीकेयू काय, ते आधी बघू.

दूध, डाळ, अंडी, मांस, कुठल्याही प्रथिनात फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं पुढं रूपांतर करतं. काही बाळांत हे एन्झाइम जन्मापासूनच कामाचं नसतं. मग दुधाच्या प्रत्येक घोटाबरोबर फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ जन्मतं तेव्हा अगदी धडधाकट दिसतं. फरक दिसायला काही महिने जातात, आणि दिसतो तेव्हा झालेलं नुकसान बऱ्याचदा भरून येत नाही.

हा आजार उजेडात आला तोही एका आईच्या चिकाटीमुळे. नॉर्वेच्या बोर्गनी एगेलांड या बाईंची दोन्ही मुलं मागे पडत होती आणि त्यांच्या लघवीला एक विचित्र कुबट वास यायचा. ही बाई डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत राहिली. कुणी म्हणायचं होईल ठीक, कुणी म्हणायचं काही होणार नाही. अखेर १९३४ साली आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरनं तिचं ऐकून घेतलं. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर ती हिरवी झाली. आईनं लघवी भरभरून नेऊन दिली, फोलिंगनी महिनोन्‌महिने खपून त्यातला पदार्थ ओळखला. तिच्या मुलांना त्याचा फायदा झाला नाही, तेवढा उशीर होऊन गेला होता.

दुसरी आई बर्मिंगहॅमची. १९५० च्या आसपास तिच्या मुलीला पीकेयू आहे हे कळलं, पण त्यावर उपचार नाही असं सांगण्यात आलं. ती रोज सकाळी होर्स्ट बिकेल या डॉक्टरच्या प्रयोगशाळेबाहेर जाऊन उभी राहायची आणि मुलीसाठी काहीतरी करा म्हणून मागं लागायची. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलनिन काढून टाकलेला आहार बनवला. जिला उभंही राहता येत नव्हतं, ती मुलगी काही महिन्यांत रांगायला लागली. म्हणजे उपचार होता. फक्त तो वेळेवर सुरू व्हायला हवा होता.

इथं दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही रक्तापाशी येऊन थांबत होत्या.

पहिली अडचण निदानाची. लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघायची टेस्ट स्वस्त होती, पण ती बाळ काही आठवड्यांचं झाल्यावरच भरवशाची ठरायची. तोवर मेंदूला इजा सुरू झालेली असायची. रक्तात मात्र बदल पहिल्या काही दिवसांतच दिसतो.

दुसरी अडचण रक्त काढण्याची. आहार सुरू असलेल्या मुलाचं रक्त वारंवार तपासावं लागतं, कारण फिनाइलअ‍ॅलनिन जास्त झालं तर मेंदू धोक्यात आणि फार कमी झालं तर वाढ खुंटते. त्या वेळच्या रासायनिक टेस्टला काही मिलिलिटर रक्त लागायचं. मोठ्या माणसाला ते काहीच नाही. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असतं. शिरा दोऱ्यासारख्या, त्यावर बाळसं. हाताची शीर सापडली नाही की मानेच्या किंवा जांघेच्या शिरेत सुई घालायची. दोघांनी बाळाला दाबून धरायचं, तिसऱ्यानं शीर शोधायची, चुकली की पुन्हा टोचायचं. बाहेर आईबाप ते रडणं ऐकत बसायचे. हे दर काही आठवड्यांनी.

वॉर्नरनी गथ्रींना एवढंच विचारलं, की याहून सोपी टेस्ट करता येईल का. गथ्रींना आपल्या कॅन्सरच्या प्रयोगशाळेतले जिवाणू आठवले. बॅसिलस सटिलिस नावाचा जिवाणू घ्यायचा, त्याची वाढ रोखणारं एक रसायन त्याच्या खाद्यात मिसळायचं. हे रसायन असं निवडायचं, की फिनाइलअ‍ॅलनिन भरपूर मिळालं तर जिवाणू त्याला जुमानत नाही आणि वाढू लागतो. आता या थरावर रक्ताचा नमुना ठेवा. एका रात्रीत नमुन्याभोवती जिवाणूंचं कडं दिसलं तर रक्तात फिनाइलअ‍ॅलनिन जास्त. कडं जेवढं मोठं, तेवढं प्रमाण जास्त. ना महागडं यंत्र, ना किचकट गणित.

हे चालू असतानाच, १९५८ साली, घरातूनच बातमी आली. गथ्रींच्या मेहुणीच्या मुलीला पीकेयू असल्याचं निदान झालं होतं. मुलगी पंधरा महिन्यांची होती. जन्मानंतर लगेच कळलं असतं तर ती वाचली असती, आणि ते कळण्याची पद्धत तिच्या मामाच्या वयाच्या, त्याच कुटुंबातल्या माणसाच्या टेबलावर अर्धीमुर्धी तयार होती. गथ्रींनी कॅन्सरचं काम सोडलं आणि बफेलोच्या मुलांच्या हॉस्पिटलात गेले. तोवर त्यांचा विचार आजारी मुलांची तपासणी सोपी करण्याचा होता. आता त्यांना जन्मणारं प्रत्येक बाळ तपासायचं होतं.

पण प्रत्येक बाळाच्या शिरेत सुई घालणार कोण? आणि काचेच्या नळ्यांतून एवढं रक्त न सांडता, न नासता प्रयोगशाळेत पोचणार कसं?

गथ्रींचं खरं डोकं इथं दिसतं. त्यांनी नळी आणि शीर दोन्ही बाजूला ठेवली. टाचेला टोचायचं, येणारे थेंब गाळणकागदावर टिपायचे, कागद वाळवायचा आणि साध्या टपालानं पाठवून द्यायचा. प्रयोगशाळेत त्या डागातून पंचिंगच्या यंत्रानं बारकी टिकली कापायची आणि जिवाणूंच्या थरावर ठेवायची. एका ट्रेमध्ये कितीतरी बाळांच्या टिकल्या मावायच्या. जिवाणूंची टेस्ट आज जवळपास इतिहासजमा झाली आहे, पण वाळलेल्या रक्ताचा कागद जगभर तसाच चालू आहे. शोध कुठला मोठा होता, हे यावरून कळावं.

आधी त्यांनी मतिमंदांसाठीच्या एका सरकारी संस्थेतल्या रहिवाशांचे नमुने तपासले. पीकेयूचे माहीत असलेले पेशंट तर सापडलेच, वर कुणालाच माहीत नसलेलेही काही निघाले. मग मोठी चाचणी झाली. २९ राज्यं, ४ लाखांहून जास्त नवजात बाळं. त्यात पीकेयू असलेली ३९ बाळं सापडली. लंगोटाच्या टेस्टवरून वाटायचं त्यापेक्षा हा आजार जास्त होता. १९६३ साली गथ्री आणि त्यांच्या सहकारी एडा सूझी यांचा शोधनिबंध पीडियाट्रिक्स या नियतकालिकात छापून आला.

पुढची लढाई सोपी नव्हती. विरोधात उभे राहिले ते प्रामुख्यानं डॉक्टरच. त्यांच्या संघटनांचं म्हणणं होतं, की कुठली टेस्ट करायची हे कायद्यानं ठरवायचं नसतं. गथ्री आणि पालकांच्या संघटनांचं म्हणणं होतं, की डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं तर निम्मी बाळं सुटतील. त्यांनी विधिमंडळांचे उंबरठे झिजवले. मॅसॅच्युसेट्सनं सगळ्यात आधी सक्ती केली आणि दशक संपायच्या आत बहुतेक राज्यं त्यामागं आली.

विरोधकांचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. सुरुवातीच्या काळात फिनाइलअ‍ॅलनिन थोडंसं वाढलेल्या, पण पीकेयू नसलेल्या काही बाळांनाही तो कडक आहार सुरू केला गेला आणि त्यातून काहींचं नुकसान झालं. टेस्ट फक्त संशय दाखवते, निदान पुन्हा खात्री करूनच करायचं, हा धडा त्यातून मिळाला. आजही रिपोर्टमध्ये काही निघालं तर दुसरा नमुना घेतात तो यासाठी.

पैशांचीही भानगड झाली. टेस्टचे किट बनवायचा हक्क एका कंपनीला दिला होता. गथ्रींनी स्वतःसाठी रॉयल्टी मागितली नव्हती, ती संस्थांना जायची होती. पण ५०० बाळांचं जे किट गथ्री बफेलोत सहा डॉलरच्या आसपास तयार करत होते, त्याची कंपनीनं लावलेली किंमत होती २६२ डॉलर. गथ्री भडकले. प्रकरण सिनेटपर्यंत गेलं आणि कंपनीचा एकाधिकार काढून घेण्यात आला.

नंतरची वर्षं त्यांनी फिरण्यात घालवली. देशोदेशीच्या डॉक्टरांना, सरकारांना भेटायचं आणि टेस्ट सुरू करा म्हणून मागं लागायचं. त्याच कागदावर आणखी आजार ओळखायच्या टेस्ट आल्या. त्यातली जन्मजात थायरॉइड कमतरतेची टेस्ट १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली. हा आजार पीकेयूपेक्षा जास्त बाळांत असतो आणि रोजच्या एका गोळीनं मेंदू वाचतो. उतारवयात गथ्री मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या प्रश्नावर बोलत राहिले.

भारतात देशभर प्रत्येक बाळासाठी सक्तीची अशी योजना अजून नाही. बेंगळुरूमध्ये १९८० च्या दशकात मोठा प्रायोगिक प्रकल्प झाला, गोवा सरकारनं २००८ साली नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती. बाकी बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटल कुठलं आणि आईबापांनी विचारलं का, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि बाळाच्या रडण्याचं काय? गथ्रींच्या काळात नवजात बाळांना वेदना नीट कळतच नाहीत, असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. १९८० च्या दशकात संशोधनानं ती समजूत मोडीत काढली. आता माहीत आहे, की टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल किंवा तिच्या उघड्या छातीशी असेल तर त्याला कमी दुखतं. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही, कारण तिथं हाड जवळ असतं. गंमत म्हणजे सरावलेल्या हातानं शिरेतून रक्त घेतलं तर टाचेपेक्षा कमी दुखतं, असंही अभ्यासांत दिसलंय. पण तसा हात असावा लागतो. बाळाला जवळ घेऊ का, पाजू का, हे नर्सला आधीच विचारता येतं, आणि शीर सापडत नसेल तर थोडं थांबून जास्त अनुभवी माणसाला बोलवा, हेही सांगता येतं.

रॉबर्ट गथ्री २४ जून १९९५ रोजी सिएटलमध्ये वारले. चार दिवसांनी त्यांना ७९ वं वर्ष पूर्ण झालं असतं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला पीकेयू नव्हता. ज्या टेस्टसाठी ते एवढे झगडले, तिचा त्याला काहीही उपयोग होणार नव्हता आणि हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.